हाताने लिहिलं की डोक्यात काय होतं?

१८८७ साली फ्रान्समध्ये एका सुशिक्षित गृहस्थांना अचानक वाचता येईनासं झालं. डोळे ठीक होते. माणसं, वस्तू नीट दिसत होत्या. बोलणं स्वच्छ होतं, आकडे कळत होते, हिशोब जमत होता. फक्त अक्षरं ओळखू येत नव्हती. जोसेफ ज्यूल देजेरीन या मेंदूतज्ज्ञांनी त्यांना तपासलं, तेव्हा त्याहून नवल वाटावं अशी गोष्ट समोर आली. या गृहस्थांना लिहिता येत होतं. सांगाल तो मजकूर ते लिहून काढत. थोड्या वेळाने तोच कागद पुढे केला, तर स्वतःच लिहिलेलं त्यांना वाचता येत नसे.

तरी एक वाट उघडी राहिली होती. समोरच्या अक्षराचा आकार हाताने गिरवला, की ते कोणतं अक्षर आहे हे त्यांना सांगता येई. रुग्णाच्या मृत्यूनंतर देजेरीन यांनी मेंदूची तपासणी केली आणि १८९२ मध्ये सगळी हकिकत प्रसिद्ध केली. मेंदूच्या डाव्या बाजूला मागच्या भागात जुनी इजा होती. डोळ्यांनी पाहिलेली आकृती अक्षरांच्या आठवणीपर्यंत पोचण्याचा रस्ता तिथे तुटला होता. आठवण शाबूत होती, आणि हाताच्या रस्त्याने तिथवर जाता येत होतं.

कॅनडातले रहस्यकथाकार हॉवर्ड एंजल यांच्यावर २००१ मध्ये हीच वेळ आली. सकाळी वर्तमानपत्र उघडलं, तर ते परक्या लिपीत छापल्यासारखं दिसलं. पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. लिहिण्याची क्षमता याही वेळी शाबूत राहिली होती. एंजल यांनी अक्षरं आधी बोटाने आणि पुढे जिभेने, टाळूवर आणि दातांवर गिरवत गिरवत वाचायला सुरुवात केली. त्यानंतर त्यांनी कादंबरीही लिहिली.

हस्तलेखनाचा विषय निघाला की आपल्याकडे गप्पा शाईच्या वासाकडे, आंतर्देशीय पत्रांकडे वळतात. त्या आठवणी मलाही प्रिय आहेत. पण केवळ आठवणींसाठी आजच्या मुलांनी तासन्‌तास वही का भरावी, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला रास्त उत्तर द्यायला हवं. ते उत्तर या दोन रुग्णांपासून सुरू होतं. अक्षर डोळ्यांनी ओळखलं जातं असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्या ओळखीचा काही वाटा हाताच्या हालचालीत साठवलेला असतो. हालचाल कधी झालीच नसेल, तर तो वाटाही तयार होत नाही.

लिहिताना नेमकं काय होतं ते पाहू. ‘क’ काढायचा आहे. बहुतेक जण आधी डावीकडचा गोल काढतात, मग दंड, मग उजवीकडे खाली येणारं वळण आणि शेवटी वरची रेघ. गोल कुठे मिटवायचा, दंड किती खाली न्यायचा, वळण कुठे थांबवायचं, हे सगळं मेंदू आधी ठरवतो, बोटांना कळवतो, आणि झालं ते बरोबर झालं का हे डोळे लगेच तपासतात. बोटांच्या स्नायूंकडूनही सतत खबर येत असते, की दाब किती आहे, टोक कुठे पोचलं आहे. पाहणं, हालचाल आणि स्पर्श या तिघांची एकाच अक्षरावर, एकाच क्षणी गाठ पडते. कळफलकावर ‘क’ असो, ‘ख’ असो की ‘ळ’, बोटाची हालचाल एकच: दाबणं. अक्षराच्या आकाराशी त्या दाबण्याचा काही संबंध नसतो.

याचा परिणाम मुलांमध्ये दिसतो का, हे अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांनी तपासलं. अजून वाचता न येणारी पाच वर्षांची मुलं घेतली. काही अक्षरं त्यांनी नुसतं बघून, मोकळ्या हाताने काढली. काही तयार ठिपक्यांवरून गिरवली. काही कळफलकावर दाबली. नंतर एमआरआय यंत्रात ठेवून मुलांना तीच अक्षरं दाखवली आणि मेंदूचा कोणता भाग जागा होतो ते पाहिलं. मोठी माणसं वाचताना जे भाग वापरतात, ते भाग या न वाचणाऱ्या मुलांमध्येही जागे होताना दिसले, पण मोकळ्या हाताने काढलेल्या अक्षरांच्या बाबतीतच. टाइप केलेल्या अक्षरांनी तसा परिणाम झाला नाही आणि गिरवलेल्या अक्षरांनीही नाही. हे संशोधन २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं.

यातला ‘गिरवलेल्या अक्षरांनीही नाही’ हा भाग मराठी घरांनी आणि बालवाड्यांनी लक्षपूर्वक वाचावा असा आहे. ठिपके जोडा, पुसट अक्षरावरून पेन्सिल फिरवा, अशा वह्यांनी दुकानं भरलेली असतात. बोटांना वळण लागावं म्हणून सुरुवातीला त्या ठीक. पण ठिपक्यांवरून जाताना मूल ‘पुढचा ठिपका कुठे’ एवढंच पाहत असतं. अक्षराचा आराखडा ठरवण्याचं काम वही छापणाऱ्याने आधीच करून ठेवलेलं असतं. शिकायचं तर तेच काम मुलाने करायला हवं. म्हणून गिरवणं लवकर थांबवून ‘बघ, आता झाकलं, आता तू काढ’ इथवर यावं. पाटी यासाठी फार चांगली. चुकलं की पुसलं, पुन्हा काढलं.

मुलाचं अक्षर वेडंवाकडं येतं याची आईवडिलांना काळजी वाटते. शिकण्याच्या दृष्टीने हे वेडंवाकडंपणच उपयोगी पडतं. मुलाने काढलेले दहा ‘अ’ दहा तऱ्हेचे असतात. त्या दहांमधून मेंदू शोधतो, की काय बदललं तरी चालतं आणि काय बदललं तर ‘अ’ उरतच नाही. छापील अक्षर दर वेळी तंतोतंत तसंच दिसतं, त्यामुळे ही निवड करायची वेळच येत नाही. जेम्स यांनी २०१६ मध्ये आणखी एका संशोधनात दाखवलं, की एकाच चिन्हाचे अनेक तऱ्हांचे नमुने पाहिलेल्या मुलांनाही ते चिन्ह जास्त चांगलं ओळखता येतं. म्हणजे हाताच्या फायद्यातला काही भाग या विविधतेतून येतो. म्हणून घरात आजोबांचं, आईचं, ताईचं अक्षर वाचायला मिळणं हेही मुलाचं शिक्षणच आहे.

देवनागरीत ही गोष्ट आणखी महत्त्वाची ठरते. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ या जोड्या पाहा. पहिलीतलं मूल वाचताना इथेच अडखळतं. मूल ‘धर’ या शब्दाला ‘घर’ म्हणतं आणि आपण ‘नीट बघ’ म्हणून ओरडतो. ते नीटच बघत असतं. दोन आकारांत फरक इतका बारीक आहे, की नुसत्या बघण्याने तो ठसत नाही. आता हेच लिहून पाहा. ‘ध’ची सुरुवात वर डावीकडे छोट्याशा गाठीने होते आणि त्या गाठीवर शिरोरेघ येत नाही. ‘घ’ला गाठ नाही, रेघ सलग जाते. ‘भ’ आणि ‘म’चंही तसंच. हाताला या दोन सुरुवाती वेगळ्या कराव्याच लागतात. दिसायला जवळची असलेली अक्षरं करायला वेगळी असतात, आणि तो फरक हातातून डोळ्यांपर्यंत जातो.

फ्रान्समधल्या मरिएक लाँगकां आणि सहकाऱ्यांनी हेच मोठ्या माणसांवर करून पाहिलं, आणि त्यासाठी त्यांनी आपल्या जवळच्या लिप्या निवडल्या. फ्रेंच लोकांना बंगाली आणि गुजराती अक्षरांवर बेतलेली नवी चिन्हं शिकवली. काही चिन्हं हाताने लिहून, काही कळफलकावर. मग मूळ चिन्ह आणि त्याची आरशातली उलटी प्रतिमा यांतलं खरं कोणतं, असं विचारलं. हाताने शिकलेली चिन्हं लोकांनी जास्त अचूक ओळखली आणि ती ओळख काही आठवड्यांनंतरही टिकून होती. मोडी शिकलेल्यांना यात नवीन काही वाटणार नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरातली जुनी कागदपत्रं वाचायची तर लेखणी न उचलता ओढलेल्या अक्षरांचा गुंता सोडवावा लागतो. कुठून सुरू होऊन कुठे वळलं हे हाताला माहीत असल्याशिवाय तो सुटत नाही. मोडीच्या वर्गात वही-पेन लागतं ते यासाठी.

आता फोनवरच्या मराठीकडे येतो, कारण मला सर्वांत जास्त काळजी तिथली वाटते. इंग्रजी टाइप करणारा निदान ती अक्षरं एकेक करून दाबतो. आपल्यापैकी पुष्कळ जण मराठी लिहितात ती रोमन अक्षरांत. ‘पाणी’ हवं असेल तर इंग्रजी अक्षरं दाबायची, वरच्या पट्टीत पानी, पाणी, पाणि असे पर्याय येतात, त्यातला एक निवडायचा. ‘ण’ आठवावा लागला नाही, ‘णी’ दीर्घ आहे हेही आठवावं लागलं नाही. समोर आलेलं ओळखलं की काम झालं. पुढ्यात असलेलं ओळखणं आणि काहीच पुढ्यात नसताना आठवून काढणं या स्मृतीच्या दोन वेगळ्या कसरती आहेत. दुसरी अवघड आहे आणि पक्की आठवण तिनेच होते. फक्त पहिलीचा सराव राहिला, की कोऱ्या कागदावर ‘तीर्थरूप’ किंवा ‘आशीर्वाद’ लिहिताना पेन थबकतं. रोज शेकडो मराठी शब्द फोनवर पाठवणाऱ्या माणसांचंही थबकतं.

चीनमध्ये हे आपल्या आधी झालं. तिथे फोनवर चिनी शब्दाचा उच्चार रोमन अक्षरांत टाइप करतात आणि पुढे आलेल्या चिन्हांतून एक निवडतात. पेन हातात घेतल्यावर चिन्हच आठवत नाही, या अनुभवाला त्यांच्याकडे रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. २०१३ मध्ये ली हाय तान आणि सहकाऱ्यांनी चिनी शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. रोमन पद्धतीने टाइप करण्यात जास्त वेळ जाणाऱ्या मुलांचं वाचन कच्चं होतं आणि हाताने जास्त लिहिणाऱ्यांचं चांगलं. दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणून एकीमुळेच दुसरी झाली असं ठरत नाही, हे खरं. चिनी लिपी आपल्यापेक्षा कितीतरी अवघड आहे, हेही खरं. पण टाइप करण्याची रीत आपलीही तीच आहे, आणि आपल्या मुलांवर तिचा काय परिणाम होतो हे मराठीत तपासायलाच हवं.

याच्याच पोटातली एक गोष्ट. मराठी ‘ल’ आणि ‘श’ आपण हाताने जसे काढत आलो तसे बहुतेक फोनवर दिसत नाहीत. तिथे हिंदीच्या वळणाचा, दंडाचा ‘ल’ आणि गाठीचा ‘श’ येतो. राज्य सरकारच्या २०२२ च्या शासन निर्णयाने पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हीच मराठीची रूपं म्हणून सांगितली. फॉन्ट बनवणाऱ्यांनी ते मनावर घेईपर्यंत ती रूपं वह्यांमध्ये, म्हणजे शाळेतल्या मुलांच्या हातात जपली जाणार आहेत.

इथवर झालं ते अक्षराबद्दल. विचाराचं काय? वर्गात बसून लॅपटॉपवर टिपणं काढणं बरं की वहीत? २०१४ मध्ये पॅम म्युलर आणि डॅनियल ओपेनहायमर यांचा याविषयीचा निबंध खूप गाजला. विद्यार्थ्यांना व्याख्यानांच्या चित्रफिती दाखवल्या, निम्म्यांनी वहीत टिपणं घेतली, निम्म्यांनी लॅपटॉपवर. लॅपटॉपवाल्यांनी शब्द जास्त टिपले आणि बरेचसे जसेच्या तसे. माहितीच्या प्रश्नांत दोघे सारखे उतरले, पण संकल्पना समजली का हे तपासणाऱ्या प्रश्नांत वहीवाले पुढे होते. ‘जसंच्या तसं उतरवू नका’ असं बजावूनही लॅपटॉपवाल्यांची सवय सुटली नाही.

हा निबंध आजही अनेक जण अंतिम शब्द असल्यासारखा फिरवतात, ते मला पटत नाही. २०१९ आणि २०२१ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा केला. लॅपटॉपवर जास्त आणि शब्दशः लिहिलं जातं हे पुन्हा दिसलं, पण परीक्षेतल्या गुणांचा फरक तितका ठामपणे आढळला नाही. २०२४ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरचे अनेक अभ्यास एकत्र मांडून पाहिले, तेव्हा पारडं हाताच्या बाजूने झुकलं, पण थोडंसंच. मला यातून कळतं ते असं. माणूस मिनिटाला सव्वाशे-दीडशे शब्द बोलतो आणि हात वीस-पंचवीस शब्द लिहितो. सगळं उतरवणं अशक्य असल्यामुळे ऐकतानाच ठरवावं लागतं, की यातलं मुद्द्याचं काय, आणि ते आपल्या शब्दांत आटवावं लागतं. फायदा या आटवण्याचा आहे. फळ्यावरचं जसंच्या तसं वहीत उतरवणाऱ्याला तो मिळत नाही, मग पेन कितीही भारी असो. आपल्या शाळांतून ‘प्रश्नोत्तरं उतरवून घ्या’ म्हणून जे पानांमागून पानं लिहून घेतात, त्यात हात दुखतो आणि डोकं रिकामं राहतं.

नॉर्वेतल्या ट्रॉनहाइममधला, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यासही बराच फिरला. ३६ विद्यार्थ्यांच्या डोक्याला २५६ संवेदक लावून पाहिलं, तर हाताने लिहिताना मेंदूच्या वेगवेगळ्या भागांतला ताळमेळ टाइप करताना असतो त्याहून खूप जास्त दिसला. बातम्यांनी ‘हाताने लिहिलं की स्मरणशक्ती वाढते’ असे मथळे दिले. त्या प्रयोगात स्मरणशक्ती मोजलेलीच नव्हती, आणि टाइप करणाऱ्यांना एकच बोट वापरायला सांगितलं होतं. एक गोष्ट मात्र त्यात फार कामाची आहे. ते विद्यार्थी डिजिटल पेनाने पडद्यावर लिहीत होते. म्हणजे कागद नसला तरी चालतो, हाताने आकार घडवणं झालं पाहिजे.

आता ज्यांना हाताने लिहिण्यावाचून गत्यंतर नाही अशा मुलांबद्दल. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा पूर्वी बहुतांशी पर्याय निवडण्याची होती, २०२५ पासून ती वर्णनात्मक झाली. हा बदल २०२३ मध्येच व्हायचा होता, पुण्यात विद्यार्थ्यांनी आंदोलन केल्यावर तो पुढे गेला. वर्षानुवर्षं गोळे काळे करण्याचा सराव केलेल्या मुलांपुढे आता कोरी उत्तरपत्रिका आहे. यूपीएससीच्या सामान्य अध्ययनाच्या पेपरचा हिशोब करून पाहा: १५० शब्दांची दहा उत्तरं, २५० शब्दांची दहा, मिळून ४,००० शब्द आणि वेळ तीन तास. मिनिटाला बावीस शब्द. हाताचा साधारण वेग तेवढाच असतो, म्हणजे विचारासाठी वेगळा वेळ जवळजवळ नाहीच. शब्द कमी लिहून चालतं, पण अडखळून चालत नाही.

इथे तात्पुरत्या स्मृतीची मर्यादा आडवी येते. एका वेळी आपण मोजक्याच गोष्टी मनात धरू शकतो. जोडाक्षर कसं काढायचं, वेलांटी पहिली की दुसरी, यात ती जागा गेली, तर वाक्याचा पुढचा भाग निसटतो. स्टीव्ह ग्रॅहम, व्हर्जिनिया बर्निंजर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये शाळकरी मुलांत दाखवलं, की अक्षरं सहज, न अडखळता काढता येण्याचा संबंध लिखाणाच्या लांबीशी आणि दर्जाशीही असतो. ‘सहज’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. आपल्याकडे सारा भर सुंदर अक्षरावर. हस्ताक्षर स्पर्धा, बक्षिसं, आणि ‘कोंबडीचे पाय’ म्हणून हिणवणं. वाचता येईल इतपत स्वच्छ आणि विचाराबरोबर धावेल इतपत वेगवान, एवढं अक्षर पुरे आहे. हिणवल्यामुळे लिहिणंच टाळणारी मुलं आणि मोठी माणसंही आपल्या आसपास आहेत, आणि त्यांचं झालेलं नुकसान कोणत्याही मोत्यासारख्या अक्षराने भरून निघणारं नाही.

काही मुलांना मनापासून प्रयत्न करूनही लिहिणं जमत नाही. डिसग्राफिया असलेल्या मुलाची बुद्धी उत्तम असू शकते, पण अक्षर काढण्यातच सगळी शक्ती खर्च होते. त्याच्यासाठी कळफलक ही मोठी सोय आहे, आणि राज्य मंडळ अशा मुलांना जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती देतं. त्या मागायला लाजू नये. औषधाच्या चिठ्ठीवरही हाताच्या अक्षराचा हट्ट नको. डॉक्टरांनी औषधाची नावं सुवाच्य, शक्यतो मोठ्या लिपीतल्या इंग्रजी अक्षरांत लिहावीत असं भारतीय वैद्यक परिषदेला २०१६ मध्ये नियमात घालावं लागलं. छापील चिठ्ठी अधिक सुरक्षित. लांब अहवाल, चार जणांनी दुरुस्त करायचा मसुदा, कार्यालयीन पत्र यांनाही कळफलकच बरा.

हात वापरावा तो शिकताना आणि विचार जुळवताना. त्यासाठी रोज दहा पानं शुद्धलेखन नको. एक पान वाचावं, पुस्तक मिटावं, आणि त्यात काय होतं ते पाच-सहा ओळींत न बघता लिहावं. मग पुस्तक उघडून काय सुटलं ते दुसऱ्या रंगाने भरावं. लहान मुलाला ‘घ’ आणि ‘ध’ एकत्र, डोळे मिटूनही काढायला सांगावेत. बऱ्याच वर्षांनी पेन धरणाऱ्याचा हात पाच मिनिटांत भरून येतो. त्याचं कारण बहुतेक वेळा पकड असते. पेन आवळून धरलेलं असतं आणि जोर नुसत्या बोटांवर असतो. पेन टोकापासून जरा वर, अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात सैल धरावं, मनगट टेबलावर टेकवून कोपरापासूनचा हात ओळीबरोबर सरकू द्यावा, आणि सुरुवातीचे काही दिवस वेगाकडे लक्ष देऊ नये. वेग नंतर आपोआप येतो.